फिल्टरच्या जागेतलं कुंकू

लग्नाआधी माझ्या वडिलांनी या घराची चौकशी अगदी बारकाईनं केली होती. गावाकडच्या विहिरीला पाणी किती, मुलाची साखर कारखान्यातली नोकरी पक्की का हंगामी, सासू बोलायला कशी, सगळं विचारून झालं. घरात बिनतारी यंत्र आहे का, एवढं विचारायचं राहिलं. त्यांचाही दोष नाही. नगर जिल्ह्यात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

तर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी श्रीरामपूरच्या बाहेरच्या त्या घरात माप ओलांडून आले, आणि पहिल्याच रविवारी सकाळी पुढच्या खोलीतून तुटक शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. मी नवऱ्याकडं बघितलं. "दादांचं चाललंय," तो म्हणाला आणि त्यानं पेपराचं पान उलटलं. दादा म्हणजे त्याचे वडील. मी त्यांना मामा म्हणायची, आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात.

मामांची सगळी नोकरी फौजेच्या सिग्नलमध्ये गेली. मूळ गाव घोडेगावच्या बाजूला. पेन्शनीत आल्यावर गावात राहून बघितलं, पण तिथं जनावरांच्या बाजाराशिवाय दुसरा विषय निघेना, म्हणून मुलाकडं श्रीरामपूरला आले आणि सरकारी परवाना काढून घरी रेडिओ मांडला. हौसेखातर घरबसल्या बिनतारी संदेश पाठवणारी माणसं जगभर असतात, त्यांना हॅम म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मामांचा रेडिओ जपानी होता. ऐकायचं आणि पाठवायचं एकाच डब्यात. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. बाहेर दोन कडुलिंबांमध्ये लांबलचक तार ताणली होती. त्या तारेवर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा गोधडी वाळत घातली होती. तो विषय घरात पुन्हा काढायचा नाही असं ठरलेलं होतं.

मामा त्या रेडिओवरून साऱ्या जगाशी बोलू शकत होते. बोलायचे मात्र एकाच माणसाशी. फौजेतला त्यांचा दोस्त, गडहिंग्लजकडचा. दोघं एकाच तुकडीत होते, दोन लढायांत एकाच खंदकात बसून त्यांनी टिंबं आणि रेघा पाठवल्या होत्या. पेन्शनीत दोघांनी एकाच वेळी, एकाच माणसाकडून, एकाच बनावटीचे दोन रेडिओ मागवले. दर रविवारी सकाळी आठला भेट. बोलणं मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, मोर्समधून. विषय म्हणाल तर ऊस, पाऊस आणि पोट साफ होण्याचे उपाय. दोन लढायांबद्दल कधी चकार शब्द निघाला नाही. इसबगोल मात्र वर्षभर पुरला.

शेजारच्या टीव्हीवर नेमक्या त्याच वेळी पट्टे उमटायचे. रविवार सकाळची मालिका बघायला जमलेली माणसं मग आमच्या दारात यायची. आत्याबाई त्यांना चहा द्यायच्या. चहा पिऊन होईपर्यंत मालिकाही संपलेली असायची आणि मामांचं बोलणंही, त्यामुळं भांडण कधी झालं नाही.

असं सुरळीत चाललं होतं, तोवर मामांच्या उजव्या हाताला कंप सुटला. नगरला कॅम्पातल्या मोठ्या डॉक्टरला दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. तांब्यानं पाणी पिता येत होतं, पेढा मोडता येत होता, पण मोर्सची की, म्हणजे ती पितळी दाबकळ, धरली की एका टिंबाची तीन व्हायची. शब्द कळेना. डॉक्टर म्हणाले, चालायचंच. मामा घरी येऊन म्हणाले, "वाकडं पाठवन्यापरीस न पाठवल्यालं बरं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, तू बी.ए. हाईस न्हवं?"

मी बी.ए. होते, पण इतिहास घेऊन. ते म्हणाले चालेल.

परवान्याशिवाय मला कीला हात लावू देईनात. "बिनलायसन बंदूक आन बिनलायसन की, दोनी सारखंच," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं मी मोर्स शिकले, सरकारी परीक्षा दिली, पास झाले. मग पोलीस चौकशीला आले. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, सूनबाईंचं वागणं कसं आहे? आत्याबाईंनी त्यांना बसवून घेऊन सगळं सांगितलं. तरीही परवाना मिळाला. तोवरचे रविवार मामांनी दोस्ताला रेडिओ बिघडलाय असं पत्रानं कळवून काढले.

पुढं रविवारी मी कीवर बसायची, मामा शेजारी खुर्ची टाकून. ते सांगायचे, मी पाठवायची. उत्तर यायचं, मी कागदावर अक्षरं लिहून घ्यायची, ते वाचायचे. मामांचा कानही आता पूर्वीचा राहिला नव्हता. एकेकट्या शिट्टीला तो अजून चोख होता, पण खरखरीतून शिट्टी वेचणं जमत नव्हतं, म्हणून हेडफोन माझ्या डोक्यावर. दोस्ताला यातलं काही कळू द्यायचं नाही, असा हुकूम होता. "त्याला वाटंल मी आता जातो. उगी काळजी करील." त्यामुळं मी मामांच्या नावानं एका परक्या सासऱ्याला "अरे, जेवलास का?" असं विचारायची. घरात मी स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा अहो-जाहो करत होते.

माझ्या पाठवण्यात एक खोड होती. रेघ लांब पडायची. दर रविवारी मामा गुडघ्यावर बोट आपटून सांगायचे, "सूनबाई, रेघ लांब हुतीया." मी म्हणायची, हो मामा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

अडचण वेगळीच निघाली. रेडिओच्या ज्या पट्ट्यावर, म्हणजे बँडवर, आम्ही बोलायचो तिथं गर्दी वाढत चालली. सकाळी आठला कुठकुठल्या देशांची मोठमोठी स्टेशनं शेजारी येऊन बसायची, त्यात गडहिंग्लजची बारीक शिट्टी बुडून जायची. घोडेगावच्या बाजारात उभं राहून पलीकडच्या टोकाच्या माणसाचं बोलणं ऐकावं तसं व्हायचं. माझ्या कागदावर अक्षरांपेक्षा कोऱ्या जागा जास्त दिसायला लागल्या. मामा तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसायचे. एकदा मी म्हटलं, "मामा, एवढं काय त्यात, ऊस आणि पाऊसच असणार."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "ऊस-पावसाचं न्हाई गं. कुनाचा मी दादा, कुनाचा मामा, कुनाचा आबा. मला आरे म्हननारं आता येवढं येकच मानूस ऱ्हायलंय."

त्या दिवसापासून रेडिओत फिल्टर बसवायचं मी मनावर घेतलं.

फिल्टर म्हणजे काय ते सांगते. रेडिओच्या आत आवाज गाळणारी एक चाळणी असते. आमच्या रेडिओतली चाळणी माणसाच्या बोलण्यापुरती रुंद होती, त्यामुळं मोर्सच्या एका शिट्टीबरोबर आजूबाजूच्या दहा शिट्ट्या आत यायच्या. मोर्ससाठी वेगळी, अरुंद चाळणी मिळते. काडेपेटीहून लहान पत्र्याची डबी, खाली पाय. कंपनीनं तिच्यासाठी आत जागा मोकळी ठेवली होती. पुढं बटणसुद्धा दिलं होतं, त्यावर नॅरो असं लिहिलेलं. डबी मात्र दिली नव्हती. ते बटण दाबलं की सगळा रेडिओ मुका व्हायचा. पुस्तकात लिहिलं होतं, हा फिल्टर ऑप्शनल आहे.

"आपशनल!" मामा म्हणायचे. "घोडा द्यायचा आन लगाम आपशनल!"

पुस्तक तरी कुठं धड होतं? मूळ पुस्तक ज्यानं रेडिओ आणला त्याच्याकडंच राहिलं, आमच्याकडं झेरॉक्स. झेरॉक्सवाल्यानं ते मशीनवर तिरकं ठेवलं असणार, कारण फिल्टरच्या पानाची उजवी कड कापली गेली होती आणि नंबरांची शेपटं तिच्याबरोबर गेली होती. नवऱ्याच्या साहेबांचा मेहुणा सिंगापूरला होता, त्याच्याकडं आम्ही अंदाजानं एक नंबर कळवला. त्यानं बिचाऱ्यानं शोधून फिल्टर आणला. तो मोकळ्या जागेत मावेनाच. दुसऱ्या कुठल्या तरी खान्याचा होता. आत्याबाईंनी तो कुंकवाच्या करंड्याखाली टेकू म्हणून लावला. करंडा कित्येक वर्षं डुगडुगत होता, तो थांबला. त्यामुळं घरात निदान एकीचं तरी समाधान झालं.

मग मामांनी थेट जपानला कंपनीकडं लिहिलं. फौजी इंग्रजीत, विनंती विशेष, आपला आज्ञाधारक वगैरे. मी म्हटलं होतं, कोण उत्तर देतंय. उत्तर आलं. नुसतं उत्तर नाही, दुरुस्ती करणाऱ्यांसाठी असतं ते पूर्ण तांत्रिक पुस्तकच आलं, उशीएवढं जाड, आत घडी घातलेले सर्किटचे नकाशे. नकाशा उलगडला की पलंगभर व्हायचा. मामांनी ते कपाळाला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून पारायण सुरू झालं. याला दुसरा शब्द नाही. सकाळी अंघोळ, धूतवस्त्र, देवाला नमस्कार, मग पाटावर पुस्तक. मी मोठ्यानं वाचायचं, मामांनी डोळे मिटून ऐकायचं. मोठ्यानं म्हणजे चांगलंच मोठ्यानं, त्यांच्या कानासाठी. मामांचा नियम असा, की पुस्तक मधूनच उघडायचं नाही. आधी खबरदारीच्या सूचना, मग सुट्या भागांची यादी, मग जुळणी, ओळीनं. मी सुचवलं, मामा, आपल्याला फक्त फिल्टरचं पान हवंय. ते म्हणाले, "पोथी काय मधनं वाचत्यात व्हय?" त्यामुळं कोणता स्क्रू किती लांबीचा, हे मी सगळं वाचलं. कुंपणापलीकडच्या काकूंनी आत्याबाईंना विचारलं, कोणती पोथी लावलीय, सगळी इंग्रजीच दिसते? आत्याबाई म्हणाल्या, "जपानी हाय. लई कडक आसती."

फिल्टरचं पान यायला दिवाळी उलटली. पण आलं तेव्हा पूर्ण नंबर, शेपटासकट. आणि इतकी पानं ओळीनं वाचल्यामुळं मला ते चित्र बघताक्षणी कळलं, हे मात्र मला कबूल करावं लागलं. साहेबांच्या मेहुण्याला पुन्हा गळ घातली. मेहुणे भले गृहस्थ, पण दर वेळी त्यांचं येणं पुढं जायचं. अखेर पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास फिल्टर हातात पडला.

बसवायचा मीच होता, मामांचा हात थरथरायचा. टेबलावर पांढरं धोतर अंथरलं, पुस्तक उघडं ठेवलं. वरचं झाकण काढलं. मोकळी जागा कुठं आहे हे शोधावं लागलं नाही, कारण ती लालभडक होती. खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा होते. कोयता, विळी, नवऱ्याचे पाने, शिवणाची कात्री, आणि अर्थात रेडिओ. आत्याबाई दर वर्षी त्याच्या माथ्यावर चिमूटभर कुंकू वाहायच्या. माथ्यावर हवेसाठी फटी होत्या. वर्षानुवर्षांचं कुंकू नेमकं फिल्टरच्या जागेत जमलं होतं. सोबत झेंडूची वाळकी पाकळी आणि अक्षतांचे तांदूळ.

मामांनी वाकून बघितलं. आत्याबाईंना हाक मारली. आत्याबाईंनीही वाकून बघितलं. "मंग?" त्या म्हणाल्या. "रिकामी जागा हुती, तिथं देवाचं पडलं. काय बिघाडलं?"

जपानी पुस्तकात खबरदारीच्या सूचना होत्या, धूळ, ओल, अंगातली स्थिर वीज, सगळं होतं. कुंकवाबद्दल काही नव्हतं. मी मऊ ब्रशनं, मग कोरड्या फडक्यानं जागा पुसली, डबीचे पाय भोकांत बसवले, पुस्तकात सांगितलेली बारीक तार कापली. झाकण लावलं. त्या वर्षी खंडेनवमी नेमकी रविवारी आली होती. मामा म्हणाले, रविवारीच चालू करू, आठला. उद्घाटन दोस्ताच्याच आवाजानं.

पण खंडेनवमीला पूजलेलं हत्यार उचलायचं नसतं. दसऱ्यापर्यंत ते तसंच ठेवायचं. फौजेतही हाच रिवाज, मामा त्याला फार पक्के. पितळी की पाटावर कोयत्याच्या शेजारी फुलांखाली गेली. रेडिओच्या माथ्यावर मी आधीच पेपर घातला, कुंकू पुढच्या पट्टीवर लावून घेतलं. साडेसात झाले तसा पेच आला. मामांनी निकाल दिला. "की उचलायची न्हाई. रेडिओ काय उचलावा लागत न्हाई, नुसतं ऐकायला काय हरकत? माझं कान कुठं पूजल्यात?"

पाठवायचं नव्हतं, आणि नवी चाळणी मामांना आपल्याच कानानं पारखायची होती. हेडफोन मामांनी स्वतःच्या डोक्यावर चढवला, एक बाजू बाहेर वळवली आणि मी तिथं कान टेकवला. आठ वाजले. खरखर, शिट्ट्या, कुठलंसं गाणं. मामांनी थरथरत्या बोटानं नॅरोचं बटण दाबलं.

रेडिओ मुका झाला नाही. सगळी गर्दी तेवढी गेली. मागं एकच शिट्टी राहिली, स्वच्छ, जवळ, अंगणातून कोणी हाक मारावी तशी. आमचंच नाव पुकारत होती. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. मामा हसले. डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"ह्यो त्याचा हात न्हाई," ते म्हणाले.

मला कळेना. मामा म्हणाले, हात म्हणजे पाठवण्याची ढब. चालण्यावरून माणूस ओळखावा तशी ती ओळखता येते. "त्याचं इंग्रजी आर आक्षर लंगडं हुतं. सगळ्या नोकरीत लंगडतच टाकायचा. ह्यो आर सरळ हाय."

मी आठवून बघायला लागले. आताशा गडहिंग्लजकडचं पाठवणं जास्त नीटनेटकं झालं होतं खरं. मला वाटलं होतं, म्हातारबुवांची प्रकृती सुधारली. मी अक्षरं लिहून घ्यायची, हात ऐकायची सवय मला नव्हती, आणि ज्यांना होती त्यांना खरखरीतून काही ऐकू येत नव्हतं.

आमच्याकडून उत्तर नाही म्हणून तिकडून पुकारा चालूच होता. मग पुकारा सोडून शब्द यायला लागले. मामा एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होते. का बोलत नाहीस? तब्येत बरी ना? मग पुन्हा आमचं नाव. पाठवणाऱ्याची घाई होत होती, टिंबं एकमेकांवर चढत होती. थांबला, पुन्हा लागला. कोणी तरी तिकडं घाबरलेलं होतं, एवढं मलाही ऐकू आलं.

मामा उठले. पाटाजवळ गेले आणि फुलांतून की उचलली. झेंडूची फुलं घरंगळत दारापर्यंत गेली. आत्याबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवं, आज न्हाई उचलायचं!" मामांनी ऐकलं नाही. तार जोडली. कुंकू लागलेल्या हातानं त्यांनी हात गेल्यापासून पहिल्यांदा स्वतः पाठवलं. हात कापत होता, टिंबं तुटत होती. मी त्यांच्या हाताकडं बघितलं नाही. एकच शब्द होता. कोण?

तिकडची शिट्टी बंद पडली. मग हळूच आलं: तुम्ही कोण?

हा प्रश्न तिकडूनही तितकाच रास्त होता. त्या माणसानंही हा हात कधी ऐकलेला नव्हता. मामांनी आपलं नाव पाठवलं, आणि पुढं, मी स्वतः.

उत्तर सावकाश आलं, अक्षरं सुटी सुटी. बाबा आषाढात गेले. मी सून. माफ करा.

मामांनी कीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग मला खुणेनं बस म्हणाले. मी बसले. काय पाठवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून माझ्या मनानंच पाठवलं. इकडंही सूनच. दोन वर्षं.

तिकडून जे आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आलं, की बाबांना ते माहीत होतं. पहिल्याच रविवारी त्यांनी ओळखलं. म्हणाले, हा हात नवशिक्या आहे, त्याच्या मुलाला यात गोडी नाही, म्हणजे तिकडं सून बसलीय कीवर, त्याचा हात गेला वाटतं. आपण कळल्याचं दाखवायचं नाही, त्याला वाईट वाटेल. तूही शिकून ठेव, माझ्यामागं त्याचा रविवार मोडायचा नाही.

मी ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा रडले. फौजेतल्या माणसानं रडू नये असं काही नाही, निदान आम्ही वाचलेल्या पुस्तकात तरी तसं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि त्या न बघितलेल्या बाईबद्दल फार माया वाटत होती. परक्या सासऱ्याला अरे-तुरे करण्याचं ओझं काय असतं, हे मला ठाऊक होतं. आषाढापासून ऊस-पाऊस-इसबगोल आम्ही दोघीच एकमेकींशी बोलत होतो.

आत्याबाईंनी बंब पेटवला. मयताची बातमी कळली की अंघोळ करायची असते, कितीही उशिरा कळो. मामांनी अंघोळ केली, कोरडं धोतर नेसले. की पुन्हा पाटावर ठेवली. आत्याबाईंनी तिला नवं कुंकू लावलं.

पुढच्या रविवारी तिकडून आलं, "काका, नमस्कार, तुम्ही कसे आहात?" मामांनी कागद बाजूला सारला. "तिला म्हनावं, आरे म्हन." मी पाठवलं. ती म्हणाली, नाही जमायचं. त्या रविवारी बोलणं लवकर आटोपलं. मामा नंतर दिवसभर अंगणात बसून होते. मला तिचं बरोबर वाटत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकाच वेळी.

मग एका रविवारी तिनं सहज सांगितलं, की तिला आमचं अर्धंच ऐकू येतं. बाबांना खरखरीतूनही कळायचं, तिला नाही कळत. तिच्या रेडिओतही ती जागा रिकामीच होती. मामांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, "झाकान काढ."

मी म्हटलं, मामा, एवढ्या खटाटोपानं आणलाय. पारायण काय, सिंगापूर काय. ते म्हणाले, "मला जे ऐकायचं हुतं ते ऐकून झालं, सूनबाई. तिला आजून ऐकायचंय."

मी फिल्टर काढला. नुसता पाठवून उपयोग नव्हता, म्हणून जपानी पुस्तकातलं ते पान मराठीत लिहून काढलं. कोणते स्क्रू आधी, कोणती तार कापायची, डबीची कोणती बाजू वर. पुस्तकात नव्हती अशी एक सूचना मी पहिलीच घातली: बसवण्याआधी जागेतलं कुंकू मऊ ब्रशनं पुसून घ्यावं. हे काम मला इतकं आवडलं, की पुढं मी अशी आणखी बरीच पानं मराठीत केली, पण ती वेगळी गोष्ट आहे. पार्सल आत्याबाईंनी शिवलं. आत लाडूही घातले.

नंतरच्या रविवारी आम्ही आठला बसलो. आमच्याकडं पुन्हा बाजार भरला होता. नॅरोचं बटण दाबलं तर रेडिओ मुका. मामांनी सांगितलं, मी पाठवलं, पार्सल मिळालं का. खरखरीतून कान ताणून मी एकेक अक्षर वेचत होते. आधी आलं, बसवला, नीट चालतो. कुंकू नव्हतं, आमच्याकडं जोतिबाचा गुलाल होता. मग थोडं थांबून पुढची ओळ आली. ती लिहिताना मी दोनदा खात्री केली आणि कागद तसाच मामांच्या हातात दिला.

त्यावर होतं: अरे, आता स्वच्छ ऐकू येतोस. रेघ लांब पडते तुझी.

मामांनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ, मी दोन वर्सं तेच सांगतोय."